थिजलेली रंगपंचमी

थंडीविषयीचं माझं सगळं ज्ञान खोबरेल तेलाच्या बाटलीत मावतं. डिसेंबर लागला, की पुण्यातल्या आमच्या घरी सकाळी उठल्याबरोबर बाटली उलटी करून पाहायची. तेल हललं, तर थंडी बेताची. नाही हललं, तर स्वेटर. आणि बोट घालूनही निघेना, तर बाटली बंबाच्या अंगाशी ठेवून आपण पाटावर कुडकुडत बसायचं. खोबरेल पंचवीस अंशांच्या आसपासच थिजायला लागतं, हे मला फार उशिरा कळलं. चोवीस अंशांना जे तेल थंडी म्हणतं, त्या तेलाच्या हाताखाली ज्याचं शिक्षण झालं, अशा सत्तरीच्या माणसाला उणे बारा अंशांत, घोटाभर बर्फात, हाती बंदूक देऊन उभं करणं हा कुठल्याही देशात गुन्हाच ठरावा. तो २०१९ च्या जानेवारीत माझ्या सख्ख्या भाच्याने अमेरिकेत केला, आणि वर "मामा, मजा येईल" असंही म्हणाला.

भाचा न्यू हॅम्पशायर राज्यात नॅशुआ गावी असतो. तीन आठवडे त्याच्याकडे राहून मी खिडकीतून बर्फ पाहण्यात चांगला तरबेज झालो होतो. त्याला पंधरा वर्षांचा मुलगा आहे. मुलगा गुणी, पण त्याचं मराठी आणि माझं इंग्रजी ही दोन्ही वाहनं एकाच ठिकाणी बंद पडणारी. तीन आठवड्यांत आमचं संभाषण "हाय" आणि "गुड नाइट" या दोन स्टेशनांपलीकडे गेलं नव्हतं. मधल्या काळात तो आपल्या खोलीत आणि मी खिडकीत.

एका शुक्रवारी रात्री भाचा म्हणाला, "मामा, उद्या पेंटबॉल खेळायला चला. एक माणूस कमी पडतोय."

"पेंटबॉल म्हणजे?"

"रंगाच्या गोळ्या एकमेकांना मारायच्या. ज्याला रंग लागला तो बाद."

"म्हणजे रंगपंचमी! मग ती उन्हाळ्यात खेळायची सोडून..."

"ह्यांना नका हो नेऊ भाऊजी," असं म्हणायला आमच्या सौभाग्यवतीने तोंड उघडलं, आणि तिथेच माझं जाणं नक्की झालं. शिवाय त्या मुलाने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. "मामाआजोबा, यू विल कम?" या वाक्याला नाही म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मुलाला वाचा फुटली. सगळा प्रवासभर तो मला या खेळाचा इतिहास सांगत होता. इंग्रजी अडलं की मराठी, मराठी अडलं की हातवारे. मला जे समजलं ते असं.

जंगलात झाडं विकायची, तोडायची, तर कुठलं तोडायचं याची खूण करावी लागते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नेल्सन नावाची एक रंगाची कंपनी आहे. तिने विचार केला, की ओढा ओलांडून प्रत्येक झाडापाशी ब्रश घेऊन कशाला जायचं? लांबूनच रंग मारावा. मग १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेझी कंपनीने, म्हणजे पोरांच्या छऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने, त्यांना एक पिस्तूल करून दिलं. नाव नेलस्पॉट ००७. जेम्स बाँडचा नंबर झाडं रंगवणाऱ्या हत्याराला! गुराखी तेच पिस्तूल गुरांच्या पाठीवर खुणा करायला वापरू लागले. आत अंगठ्याएवढी कार्बन डायऑक्साइडची कुपी, बारा ग्रॅमची. आणि गोळ्या कुठून आल्या? आर. पी. शेरर नावाच्या औषधी कॅप्सूल करणाऱ्या कंपनीकडून. या शेररने १९३० च्या दशकात डेट्रॉइटला जिलेटिनच्या मऊ कॅप्सूल भराभर पाडणारं यंत्र काढलं होतं. म्हणजे लहानपणी आई नाक दाबून माशाच्या तेलाच्या ज्या पिवळ्या गोळ्या घशाखाली घालायची, त्यांचीच ही सख्खी भावंडं. आतलं तेल काढून रंग भरला, एवढंच.

आता माणसं यात कशी आली? न्यू हॅम्पशायरात चार्ल्स गेन्स नावाचे एक लेखक राहत. 'पंपिंग आयर्न' हे व्यायामपटूंवरचं पुस्तक त्यांचंच. त्यांचे मित्र हेस नोएल न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातले. दोघांचा वाद असा, की शहरात टिकून राहणारा माणूस जंगलात टिकेल का? गेन्स म्हणत, जंगल जाणणाराच टिकेल. नोएल म्हणत, शेअरबाजारात जो टिकला तो कुठेही टिकेल. आपल्याकडे असा वाद कट्ट्यावर सुरू होतो आणि चहाच्या बिलावर संपतो. यांच्या एका मित्राला शेतीसामानाच्या कॅटलॉगमध्ये हे ००७ दिसलं, आणि त्यांनी वादाचा निकाल लावायचं ठरवलं. बॉब गर्नसी नावाच्या खेळसामानाच्या दुकानदाराने नियम बसवले. २७ जून १९८१ रोजी हेनिकर गावच्या रानात बारा जण उतरले. प्रत्येकाला एक पिस्तूल, एक गॉगल, एक नकाशा. रानात ठिकठिकाणी निशाणं ठेवलेली. रंग न लागता ती जो गोळा करील तो जिंकला.

"कोण जिंकलं?" मी विचारलं. माझी सहानुभूती शेअरबाजाराकडे होती, कारण मी स्वतः तिथे पैसे घालवलेले आहेत.

"रिची व्हाइट. फॉरेस्टर. जंगलखात्यातला... झाडंवाला."

"किती जणांना मारलं त्याने?"

मुलगा मागच्या सीटवरून पुढे वाकला. "झिरो. त्याने एक पण गोळी नाही मारली. सगळे एकमेकांना मारत होते. तो फक्त चालला, फ्लॅग घेतले, परत आला."

आपल्या जन्माच्याच दिवशी ज्या खेळाचा असा पराभव झाला, तो खेळ पुढे जगभर पसरावा, ही मोठीच गंमत. तेव्हा रंग तेलाचा असे आणि खेळून आल्यावर अंग टर्पेंटाइनने पुसावं लागे. पाण्याने धुता येणारा रंग १९८० च्या दशकाच्या मध्यावर आला. पण मला त्या बारा जणांच्या अकलेचं कौतुक वाटलं ते तारखेमुळे. जून महिना! ज्यांनी हा खेळ काढला त्यांनी तो उन्हाळ्यात काढला. हेनिकरच्या त्या रानात हिवाळ्यात लोक बर्फावरून स्कीइंग करतात, हे त्यांना ठाऊक होतं.

वाटेत हेनिकर लागलं. 'पृथ्वीवरचं एकमेव हेनिकर' अशी त्या गावाची बिरुदावली आहे. आमच्याकडे एका नावाची दहा-दहा पिंपळगावं असतात, त्यामुळे हा अभिमान मला नवीन होता. तिथून पुढे भाच्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याचं रान होतं. म्हातारा माझ्याच वयाचा, पण बिनटोपीचा. मी मात्र माकडटोपी, दोन स्वेटर, बंडी, आणि त्यावर भाच्याचा नवा कोरा कोट अशा थाटात उतरलो.

खेळ सुरू व्हायला सव्वा तास लागला, आणि तो सव्वा तास मला सगळ्यात आवडला. म्हाताऱ्याच्या खोपटात एका टोकाला शेगडी धगधगत होती आणि दुसऱ्या टोकाला फळीवर सगळी हत्यारं मांडलेली. इथे त्यांना बंदूक न म्हणता मार्कर म्हणतात. पहिलं काम म्हणजे जुनं तेल पुसून काढणं. जाड तेल थंडीत चिकट होतं आणि आतला दट्ट्या जागच्या जागी बसून राहतो. पुसून झालं की पातळ तेलाचे मोजून चार थेंब. मी म्हटलं, हे तर खोबरेलच झालं! भाच्याने ते म्हाताऱ्याला समजावून सांगितलं. म्हाताऱ्याला फार पटलं. बाटली बंबापाशी ठेवतो हेही मी त्याला खुणेने दाखवलं आणि त्याच ओघात फळीवरचा एक गॅसचा सिलिंडर उचलून शेगडीकडे निघालो. अख्खं खोपट ओरडलं.

त्याचं कारण असं. सिलिंडरात कार्बन डायऑक्साइड पातळ स्वरूपात असतो आणि त्याचा दाब केवळ हवेच्या उबेवर ठरतो. एकवीस अंशांना चौरस इंचाला ८५० पौंड, शून्य अंशाला ५०० च्या आसपास, आणि आमच्या त्या सकाळच्या उणे बाराला जेमतेम ३६०. थंडीत गोळीला जोर नाही तो यामुळे. उलट शेगडीपाशी ठेवला, तर दाब असा भडकतो, की सिलिंडरच्या बुचातली पातळ चकती फुटून सगळा गॅस एका दमात बाहेर पडतो. चकती आहे म्हणून बरं. पॅरिसात तिलोरिए नावाच्या माणसाने असाच गॅस लोखंडी नळकांड्यात पातळ करायचं यंत्र काढलं होतं. १८३५ मध्ये त्याने पाहिलं, की तो पातळ गॅस एकदम बाहेर सोडला तर त्याचं पांढरं बर्फ होतं. पण १८४० मध्ये तसंच एक यंत्र फुटून एक सहाय्यक प्राणाला मुकला. मी सिलिंडर दोन्ही हातांनी अलगद जागेवर ठेवला.

"मग याला ऊब द्यायची कशी?"

म्हाताऱ्याने कोटाची बटणं सोडली. त्याच्या काखेत एक सिलिंडर होता. माणसाच्या अंगाएवढी ऊब पुरते, आणि तिने काही फुटत नाही.

तिलोरिएचं बर्फ मार्करातही होतं. दर गोळीला थोडा पातळ गॅस उकळून वायू होतो आणि उकळायला लागणारी ऊब सिलिंडरातूनच ओढतो. घरचा स्वयंपाकाचा सिलिंडर थंडीत संपत आला, की बाहेरून दव धरतो, तीच गोष्ट. गोळ्या भराभर झाडल्या, की सिलिंडर स्वतःलाच गारठवत जातो. त्यातून सिलिंडर आडवा-तिडवा झाला आणि पातळ गॅस सरळ मार्करात शिरला, तर आतल्या आत बर्फ होऊन सगळं जाम. म्हणून सबुरीने, एक-एक गोळी. १९९० नंतर लोक नुसती दाबलेली हवा वापरू लागले. ती टाकीत ३००० किंवा ४५०० पौंड दाबाने भरतात, पण ती पातळ होत नाही, त्यामुळे थंडीला फारशी दाद देत नाही. मुलाच्या मार्करावर तशी टाकी होती. बाकी आम्ही सगळे गॅसवाले.

गोळ्या थर्मोकोलच्या बर्फाच्या पेटीत होत्या. ज्या पेटीत जगभर लोक थंड बाटल्या ठेवतात, तीत इथे गोळ्यांना ऊब मिळावी म्हणून गरम पाण्याची पिशवी घातलेली! थंडीने जिलेटिनचं कवच ठिसूळ होतं आणि गोळी शत्रूवर फुटायच्या ऐवजी आपल्याच नळीत फुटते. मग गज घालून नळी पुसत बसा. गोळी पार गोठली तर ती कडक होऊन इजा करते, म्हणून गोठलेली गोळी वापरायला बंदी. वेगाचंही माप असतं: सेकंदाला ३०० फुटांच्या वर जायचं नाही. आणि यात एक मेख आहे. सकाळच्या गारठ्यात वेग वाढवून बसवला आणि दुपारी ऊन पडलं, तर तोच मार्कर आपसूक मर्यादा ओलांडतो. म्हाताऱ्याने बजावलं, दर खेळाआधी वेग पुन्हा मोजायचा. गॉगलवर वाफ धरू नये म्हणून दुहेरी काच. मार्कर खोपटात आणून परत बाहेर न्यायचा नाही, कारण उबेत त्यावर पाणी धरतं आणि बाहेर त्याचा बर्फ होतो. हे सगळं ऐकताना मला वाटू लागलं, की या खेळात शत्रूची गरजच नाही.

मग एक सिलिंडर जोडताना सुस्स आवाज आला. म्हाताऱ्याने तोंडावरची बारीक काळी रबरी कडी काढली, बोटांत दाबून पाहिली आणि फेकली. मी वाकून पाहिलं. "वायसर!" मी म्हणालो. मुलगा म्हणाला, "ओ-रिंग."

लहानपणी आम्ही गोटी सोडा प्यायचो, त्याच्या गळ्यातही अशीच रबरी कडी असायची. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये त्या बाटलीचं पेटंट घेतलं. गॅस गोटीला वर दाबतो, गोटी कडीवर बसते, आणि सोडा आत राहतो. गोटी, कडी आणि कार्बन डायऑक्साइड! पेंटबॉलमध्ये यापेक्षा वेगळं काय आहे? फक्त इथे गोटी बाहेर येते. हल्लीच्या ओ-रिंगचं अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेनसेन या मूळच्या डॅनिश माणसाने १९३७ मध्ये मागितलं, तेव्हा त्याचं वय बहात्तर होतं. हे ऐकून मी घरी परतल्यावर काहीतरी करायचं ठरवलं आहे.

पण ती फेकलेली कडी मी उचलून पाहिली, आणि माझी थट्टा थांबली. ती दाबली तर दबत होती, पण सोडल्यावर लगेच पूर्ववत होत नव्हती. हे मी पूर्वी पाहिलं होतं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान उडालं आणि त्र्याहत्तर सेकंदांत सात माणसांसकट गेलं. फ्लोरिडात त्या सकाळी पारा दोन अंशांवर होता. त्याच्या रॉकेटच्या सांध्यात अशाच कड्या होत्या, फक्त बारा फूट व्यासाच्या आणि पाव इंच जाडीच्या. उडवू नका, थंडीत रबराचा भरवसा नाही, असं आदल्या रात्री इंजिनिअर सांगत होते. पुढे ११ फेब्रुवारीला चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा चिमट्यात आवळून समोरच्या बर्फाच्या पाण्यात बुडवला, आणि बाहेर काढून दाखवला. तो पूर्ववत होईना. पेलाभर पाणी आणि एक चिमटा! मी त्या मुलाला हे सांगू लागलो. इंग्रजी अडलं तिथे मराठी, मराठी त्याला अडलं तिथे हातवारे. तो ऐकत होता. म्हाताऱ्यानेही काही न बोलता डबीतल्या नव्या कड्या शर्टाच्या आतल्या खिशात टाकल्या.

खेळ सुरू झाला. सहा विरुद्ध सहा, मध्ये एका बुंध्याला लाल निशाण. मी आणि मुलगा एका बाजूला, भाचा विरुद्ध बाजूला. मुलाने मला एक कामगिरी दिली. त्याचा मार्कर विजेवर चालणारा, आणि थंडीत बॅटरी मरगळते. ऊब मिळाली की पुन्हा जरा उठून बसते. "मामाआजोबा, ही तुमच्या पोटाशी ठेवा," असं म्हणून त्याने एक जास्तीची चौकोनी बॅटरी माझ्या हवाली केली. मी ती बंडीच्या आतल्या खिशात, जिथे प्रवासात पैसे ठेवतो तिथे ठेवली.

पहिली दहा मिनिटं मी एका जाड झाडामागे उभा होतो. हा डाव नव्हता, माझ्याने हलवतच नव्हतं. एकदा चाप ओढून पाहिला, तर बोट मोज्यातल्या मोज्यात वाकलं आणि चाप तिथेच. समोरून भाचा आणि त्याचे मित्र दिवाळीत लवंगीची माळ लावावी तसे गोळ्या झाडत होते. आमचे चार गेले, त्यांचेही चार गेले. एवढ्यात बर्फातून सरपटत मुलगा आला आणि हात पुढे करून म्हणाला, "बॅटरी." मी बंडीत हात घातला. ती त्याने गालाला लावून पाहिली आणि हसला. गरम होती. जुनी बॅटरी त्याने माझ्याकडे दिली, मी ती खिशात टाकली. इतका सुरळीत व्यवहार माझ्या आयुष्यात बँकेतही झालेला नाही.

मग तो पुटपुटला, "बाबा खूप फास्ट मारतायत. त्यांचा टँक थंड झाला असणार. आता तुम्ही चालत जा."

"कुठे?"

"फ्लॅग घ्यायला. हळू. मी आहे मागे."

देवळात प्रदक्षिणेला निघावं तसा मी निघालो. हळू जायला त्याने सांगायची गरज नव्हती. निशाण पंधरा पावलांवर असताना बाजूच्या झुडपातून भाचा उठला. "मामा, सरेंडर!" मी मान हलवून नाही म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. कदाचित माकडटोपीत तो काय म्हणाला ते नीट ऐकू आलं नसेल. त्याने चाप ओढला. मार्करातून सायकलच्या व्हॉल्व्हसारखा फुस्स आवाज आला, थोडा पांढरा धूर आला, आणि धुरामागून गुलाबी गोळी नळीच्या तोंडापर्यंत येऊन थबकली, आणि टपकन बर्फात पडली. ती घरंगळत माझ्या बुटापाशी आली. भाचा मार्कर हलवत होता. मी वाकलो, गोळी उचलून कोटाच्या खिशात टाकली, आणि पुढे चालू लागलो. मागून 'टप्' असा आवाज झाला. वळून पाहतो तर भाच्याच्या छातीवर हिरवा डाग, आणि तीस पावलांवर त्याचा चिरंजीव.

निशाण काढून मी परत आलो. एकही गोळी न मारता. म्हाताऱ्याने लांबून "रिची व्हाइट!" अशी हाक मारली. परतताना त्याने सगळ्यांच्या टाक्या सोडून ठेवायला सांगितल्या आणि मला ती खराब ओ-रिंग बक्षीस म्हणून दिली.

गाडीत हीटर लावला, तेव्हा माझ्या बोटांना बोटं असल्याची पुन्हा जाणीव झाली. मुलगा माझ्या शेजारी बसला होता. "मामाआजोबा, वायसर म्हणजे इंग्लिश वर्ड आहे ना? वॉशर?" मी म्हटलं, असेल, आमच्याकडे राहून तो मराठी झाला. त्यावर तो म्हणाला, "लाइक रिव्हर्स ऑफ मी," आणि दोघंही हसलो. पुढून भाचा म्हणाला, "मामा, पट्टा लावा." मी पट्टा ओढून खटकन अडकवला, आणि कोटाच्या खिशात काहीतरी हलकेच फुटलं.

दिवसभरात मला लागलेला तो एकच रंग. भाच्याचा नवा कोट कमरेपासून खाली गुलाबी झाला. मी हळूच विचारलं, "हा टर्पेंटाइनने जाईल ना रे?"

"पाण्याने जातो आजोबा," मुलगा म्हणाला. "नाइंटीन एटीज पासून."